ज्या अर्थीं आणि त्या अर्थीं

आपल्याकडील टीकाकारांची नजर काव्य, नाटक, कादंबरी आणि फार तर निबंध यांपलीकडे सहसा जात नाहीं. राज्यकारभाराच्या कागदांत जें गद्य रोज लिहिलें जातें, त्याला वाङ्मय म्हणावयास कोणी धजत नाहीं. आणि तें बहुतांशीं योग्यहि आहे, कारण त्यांतील पुष्कळ भाग कोणी वाचावा म्हणून लिहिलेलाच नसतो. परंतु या कागदांतहि एक जात अशी आहे कीं, जिचा हेतु केवळ व्यवहार उरकणें हा नसून लोकांच्या भावनेला शब्द देणें हा असतो. एखाद्या आपत्तीच्या स्मरणार्थ विधिमंडळानें केलेला ठराव किंवा कायद्याच्या आरंभीं घातलेली उद्देशिका यांची गणना या जातींत करावी लागेल. येथें राज्यसंस्था शोक करूं पाहते, गौरव करूं पाहते, क्वचित् क्षमाहि मागूं पाहते. म्हणजे कवीचें काम ती आपल्या शिरावर घेते. मग कवीला जी कसोटी लावावयाची ती तिलाहि लावली, तर तिनें रागावण्याचें कारण नाहीं.

या गद्याची रचना ठरलेली आहे. आरंभीं ‘ज्या अर्थीं’ या शब्दांनीं सुरू होणारीं कलमें येतात: अमुक दिवशीं अमुक घडलें, इतके मेले, इतकीं घरें गेलीं, अमक्यांनीं शौर्य दाखविलें, शेजारी शेजाऱ्याच्या उपयोगीं पडला. मग ‘त्या अर्थीं’ येतें आणि सभागृह ठरवितें कीं, हा दिवस स्मरणाचा मानावा, मृतांस श्रद्धांजलि वाहावी, वांचलेल्यांच्या धैर्याची नोंद घ्यावी. अमेरिकेंतील संस्थानांच्या विधिमंडळांत मोठ्या वणव्यांनंतर असे ठराव होण्याची रीतच आहे. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, या रचनेचा सारा प्राण त्या दोन पदांमधील संबंधांत असतो. पहिल्या भागांत जें सांगितलें त्यांतून दुसरा भाग खरोखर निघतो काय? निघत असेल तर तो ठराव. निघत नसेल तर ती केवळ शोभा.

दोनतीन उदाहरणें घेऊं. अॅरिझोना संस्थानांत यार्नेल गांवाजवळच्या डोंगरावर ३० जून २०१३ रोजीं वणव्याशीं झुंजतांना एकाच तुकडीचे १९ जवान मृत्यु पावले. तेथील विधिमंडळानें २०१४ सालीं कायदा करून त्या जागेच्या खरेदीची तरतूद केली आणि २०१६ पासून तेथें स्मारक-उद्यान उभें आहे. चढणीच्या पायवाटेवर एकेका जवानाच्या नांवाची शिला बसविली आहे; ज्याला स्मरण करावयाचें त्यानें तो डोंगर आपल्या पायांनीं चढावा, असा त्यांतील आशय. येथें ‘त्या अर्थीं’ फार मोठें नाहीं, पण तें ‘ज्या अर्थीं’मधून सरळ निघालेलें आहे.

दुसरें उदाहरण विधिमंडळांतील नसून न्यायालयांतील आहे, आणि मला तें अधिक बोलकें वाटतें. कॅलिफोर्नियांतील पॅराडाइज हें गांव ८ नोव्हेंबर २०१८ रोजीं वणव्यांत भस्म झालें. ८५ माणसें मेली आणि १८,००० हून अधिक इमारती जळाल्या. ठिणगी पडली ती वीज-कंपनीच्या जुन्या, झिजलेल्या तारवाहिनीवरून. जून २०२० मध्यें त्या कंपनीनें ८४ जणांच्या मृत्यूचा गुन्हा न्यायालयांत कबूल केला. न्यायाधीशानें एकेका मृताचें नांव वाचावें, त्याचें छायाचित्र पडद्यावर दिसावें, आणि कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यानें उभें राहून ‘दोषी’ असें उत्तर द्यावें, असें चौऱ्याऐंशीं वेळां झालें. त्या सकाळीं कोणी अलंकारिक बोललें नाहीं. तरीहि नांव आणि उत्तर, नांव आणि उत्तर, या साध्या आवर्तनांत जें गांभीर्य आलें, तें कोणत्याहि श्रद्धांजलीपर ठरावांत मला आढळलें नाहीं. कारण उघड आहे. येथें क्रियेला कर्ता होता.

तिसरें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत व्हिक्टोरिया प्रांतांत १७३ माणसें मेली. दोनच दिवसांनीं ऑस्ट्रेलियाच्या संसदेनें शोकप्रस्ताव केला. पण तेवढ्यावर तें प्रकरण संपलें नाहीं. चौकशी-आयोग नेमला गेला, त्यानें ४३४ साक्षीदार तपासले, आणि त्यांपैकीं १०० जण कोणी तज्ज्ञ वा अधिकारी नसून आगींतून वांचलेले किंवा आप्त गमावलेले सामान्य लोक होते. शोकप्रस्ताव एका दिवसांत झाला. ऐकून घेण्यास दीड वर्ष लागलें. या दोहोंपैकीं खरें स्मारक कोणतें, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां आपल्या घरीं येऊं. कौटिल्यानें दैवी महाभयें आठ सांगितलीं आहेत, आणि त्यांत पहिलें अग्नि व दुसरें उदक. आग आणि पाणी यांना त्यानें दैवाच्या खात्यांत टाकलें, तें त्याच्या काळाला धरून होतें. पण पॅराडाइजची आग दैवी नव्हती, हें आपण पाहिलेंच. मग पाण्याचें काय? नदी आपण होऊन चढली तर तो पूर. माणसानें भिंत बांधून चढविली तर तिला कोणत्या खात्यांत टाकावें? या प्रश्नाला आपल्याकडे एक गांव उत्तरादाखल उभें आहे, किंवा उभें होतें म्हणा. त्याचें नांव मणिबेली.

मणिबेली हें सातपुड्यांतील, नर्मदेच्या दक्षिण तीरावरचें, अक्कलकुवा तालुक्यांतील गांव; त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत. सरदार सरोवराची भिंत येथून फार दूर नाहीं, म्हणून महाराष्ट्रांतील ज्या ३३ गांवांवर त्या जलाशयाचें पाणी यावयाचें होतें त्यांत पहिला क्रम मणिबेलीचा लागला. १९९३ च्या पावसाळ्यांत येथील घरांत पाणी शिरलें. शूलपाणेश्वराचें प्राचीन देऊळहि पाण्याखालीं गेलें. देवाची नवी प्रतिष्ठापना गुजरातेंत गोरा येथें झाली. देवाला नवें देऊळ मिळालें. भक्तांपैकीं कांहीं गुजरातेंत परवेट्यास गेले, कांहीं तळोद्याकडच्या वसाहतींत, आणि कांहीं पाण्याच्या रेषेच्या वर डोंगराच्या उतारावर झोंपडी सरकवीत तेथेंच राहिले.

या घटनेची नोंद ज्या कागदांत झाली आहे, ते कागद टीकाकाराच्या दृष्टीनें वाचण्यासारखे आहेत. पहिला नर्मदा जलतंटा लवादाचा डिसेंबर १९७९ मधील निवाडा. भाषा रुक्ष, वकिली. पण तिचीं क्रियापदें पाहावींत. नुकसानभरपाई दिल्यावांचून आणि पुनर्वसनाची व्यवस्था झाल्यावांचून महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांतील कोणतीहि भूमि कोणत्याहि परिस्थितींत बुडवूं नये. ज्या कुटुंबाची चतुर्थांशाहून अधिक जमीन जाईल त्याला किमान दोन हेक्टर जमीन द्यावी. सज्ञान मुलगा वेगळें कुटुंब समजावा. येथें प्रत्येक वाक्याला कोणी करावयाचें, केव्हां करावयाचें आणि किती करावयाचें याचें उत्तर आहे. चांगल्या गद्याची ही खूण आहे, आणि मला वाटतें, चांगल्या नीतीचीहि.

पण हा निवाडा अमलांत येतां येतां त्याची भाषा पालटली. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द पाहा. आपण पूरग्रस्त म्हणतों, दुष्काळग्रस्त म्हणतों, भूकंपग्रस्त म्हणतों. त्याच ओळींत हा शब्द बसविला गेला, आणि बसतांच प्रकल्प हा दैवाचा भाऊ झाला. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, राहूनें चंद्राला ग्रासावें तसा. ग्रहणाचें वैशिष्ट्य असें कीं, तें आपोआप लागतें आणि आपोआप सुटतें. कोणाला जाब विचारण्याची सोय नाहीं. आणखी एक जोडी पाहा: ‘घोषित’ आणि ‘अघोषित’. ज्याचें नांव यादींत आलें तो घोषित, ज्याचें राहिलें तो अघोषित. वस्तुतः घोषणा करणें हें सरकारचें काम. तें न झाल्याचें विशेषण मात्र माणसाला चिकटलें. चूक लेखणीची आणि डाग कपाळावर, असा हा प्रकार. या शब्दांचा उपयोग करणारे सारे अधिकारी कठोर होते असें मी म्हणत नाहीं. कित्येकांनीं मनापासून काम केलें असेल. पण ज्या भाषेंत कर्ता लोपतो, तिच्यांत सज्जनालाहि सत्य बोलणें अवघड होतें.

दुसरा कागद जागतिक बँकेनें नेमलेल्या स्वतंत्र समितीचा. ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष आणि थॉमस बर्जर उपाध्यक्ष असलेल्या या समितीनें जून १९९२ मध्यें अहवाल दिला, आणि चालू परिस्थितींत विस्थापितांचें पुनर्वसन शक्य नाहीं, बँकेनें या प्रकल्पापासून पाऊल मागें घ्यावें, असें स्पष्ट सांगितलें. ज्यानें आपल्याला नेमलें त्यालाच न आवडणारें सांगणें, हा त्या अहवालाचा मोठा गुण. पुढें मार्च १९९३ मध्यें भारत सरकारनेंच कर्जाची उरलेली रक्कम नको म्हणून कळविलें. काम मात्र थांबलें नाहीं, आणि त्याच वर्षीं पाणी मणिबेलींत आलें.

तिसरा कागद १९९४ मधील, ‘मणिबेली जाहीरनामा’ या नांवाचा. बँकेच्या पन्नासाव्या वर्षीं ४४ देशांतील ३२६ संस्थांनीं त्याला संमति दिली. मोठ्या धरणांना कर्ज देणें थांबवावें आणि पूर्वींच्या विस्थापितांसाठीं भरपाईचा निधि उभारावा, अशी त्यांत मागणी होती. जें गांव पाण्याखालीं गेलें त्याचें नांव दूरदेशींच्या सभांतून उच्चारलें गेलें, हें खरोखर अपूर्व आहे. तथापि येथेंहि टीकाकारानें सावध राहावें. नांव दिगंतीं पोंचलें म्हणून गांव जगलें असें होत नाहीं. आपल्या मुळशीचेंच पाहा. १९२१ ते १९२४ या काळांतला तो सत्याग्रह आपण सेनापति बापटांच्या नांवानें स्मरतों, आणि तें योग्यच आहे. पण ज्या मावळ्यांचीं भातखाचरें गेलीं, त्यांपैकीं एकाचें तरी नांव आपल्या सुशिक्षितांस सांगतां येईल काय? नांव उरणें आणि माणसें उरणें या दोन गोष्टी आहेत.

विधिमंडळाच्या स्मरणाचा खरा नमुना म्हणून मी चौथा कागद घेतों. तो म्हणजे संसदेनें डिसेंबर २००६ मध्यें संमत केलेला वनहक्कांचा कायदा. त्याची उद्देशिका सामान्य उद्देशिकांसारखी नाहीं. वसाहतकाळांत आणि स्वतंत्र भारतांतहि वनवासी जमातींच्या हक्कांची नीट नोंद झाली नाहीं, त्यामुळें त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी ती कबुली देते. आणि राज्याच्या विकासकार्यामुळें ज्यांना आपलें वसतिस्थान सोडणें भाग पडलें, त्यांचाहि ती उल्लेख करते. संसदेनें पाप केवळ इंग्रजांच्या माथीं मारलें नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे. ‘भाग पडलें’ हा शब्दहि प्रामाणिक आहे; ‘स्थलांतर केलें’ असें म्हणून त्याला गुळगुळीत करतां आलें असतें.

तरीहि व्याकरणाचा विद्यार्थी येथें थबकतो. ‘नोंद झाली नाहीं’, ‘अन्याय झाला’: दोन्हीं ठिकाणीं क्रियापद असें योजिलें आहे कीं, कर्ता शोधून सांपडूं नये. नोंद कोणी केली नाहीं? अन्याय कोणी केला? आपल्या भाषेंत कर्तरि, कर्मणि आणि भावे असे प्रयोग आहेत, आणि लहानपणीं ते पाठ करतांना त्यांचा उपयोग काय असा प्रश्न आम्हां सर्वांना पडत असे. आतां कळतें कीं, क्षमा मागावयाची झाली तर ती कर्तरि प्रयोगांतच मागावी लागते. ‘कांच फुटली’ असें म्हणणाऱ्या मुलाला आपण घरीं काय सांगतों? ‘फोडली म्हण.’

मग या उद्देशिकेचें ‘त्या अर्थीं’ काय? तें कायद्याच्या कलमांत आहे. पुनर्वसनाचा कायदेशीर हक्क न मिळतां १३ डिसेंबर २००५ पूर्वीं ज्यांना वनभूमीवरून बेकायदा हुसकावलें किंवा विस्थापित केलें, त्यांना मूळ जागीं पुनर्वसनाचा आणि त्यासह पर्यायी जमिनीचा हक्क त्यांत मान्य केला आहे. येथें ‘ज्या अर्थीं’मधून ‘त्या अर्थीं’ निघालें आहे खरें. पण मणिबेलीच्या माणसानें ‘मूळ जागीं’ हे शब्द वाचून काय समजावें? त्याची मूळ जागा जलाशयाच्या तळाशीं आहे. तेव्हां पर्यायी जमीन हाच त्याच्यापुरता कायद्याचा अर्थ. आणि जमीन ही वस्तु किती अवघड, हें तळोद्याच्या वनांतील सुमारें ४,२०० हेक्टर भूमि या विस्थापितांसाठीं मोकळी केली तेव्हां दिसून आलें. त्या भूमीवर दुसरे आदिवासी आधींपासून नांगर धरीत होते. एकाचें ऋण दुसऱ्याच्या कोठारांतून फेडण्याचा हा प्रसंग होता.

या कायद्यांतील व त्याखालील नियमांतील एका गोष्टीकडे मात्र मला वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधावयाचें आहे. हक्क ठरविण्याचें पहिलें काम ग्रामसभेचें आहे; आणि पुराव्यांच्या यादींत, सरकारी नकाशे व दप्तरें यांच्याबरोबरच, गांवांतील वडीलधाऱ्या माणसाचें लिहून घेतलेलें निवेदन हाहि पुरावा धरला आहे. शंभर वर्षें दप्तरानें माणसाला खोटें ठरविलें. आतां माणसाची आठवण दप्तराशेजारीं येऊन बसली. सबंध उद्देशिकेंत जें साधलें नाहीं तें या एका रुक्ष नियमांत साधलें आहे, असें माझें मत आहे. स्मरणाचा गौरव करण्याहून स्मरणाला साक्ष म्हणून मान देणें ही वरची पायरी आहे.

येथें एक आक्षेप येईल आणि तो विचारांत घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, धरणाचें पाणी सौराष्ट्र-कच्छच्या तहानलेल्या मुलुखाला पोंचलें, तें तुम्हीं विसरतां. सर्वोच्च न्यायालयानें १८ ऑक्टोबर २००० रोजीं बहुमतानें बांधकामाला अनुमति दिली, तेंहि विसरतां. मी यांपैकीं कांहींच विसरत नाहीं. तहान खरी होती आणि पाणीहि खरें आहे. त्याच निकालांत न्यायमूर्ति भरुचा यांचें भिन्नमतहि आहे, आणि दोन्हीं मतें सुशिक्षितानें वाचावींत. पण पाणी मिळालें म्हणून ज्यानें दिलें त्याचें ऋण फिटतें असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? उलट ज्याला मिळालें त्याच्यावर तें चढतें. माझा वाद धरण असावें कीं नसावें हा नाहीं. ऋण कोणत्या शब्दांत मान्य करावें, एवढाच आहे.

दुसरा धोका स्तुतीचा. आपत्तीच्या ठरावांत वांचलेल्यांच्या धैर्याचे गोडवे गाण्याची पद्धति आहे, आणि सातपुड्यांतील लोकांची स्तुति करावयाची झाली तर विषय भरपूर आहे. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं नव्वदीच्या दशकापासून नर्मदाकांठीं जीवनशाळा चालविल्या. मणिबेलींतहि ती झाली. धडगांव तालुक्यांत बिलगांव येथें उदई नदीच्या धबधब्यावर केरळांतील तरुण अभियंत्यांच्या मदतीनें आणि गांवकऱ्यांच्या श्रमानें २००३ मध्यें छोटें वीजकेंद्र उभें राहिलें, घरोघर दिवे लागले. आणि २००६ मध्यें जलाशयाच्या फुगवट्यानें तें केंद्र बुडालें. ज्या पाण्यानें गांव घेतलें त्याच पाण्यांत पुढें लोकांनीं सहकारी मासेमारी सुरू केली. हें सारें स्तुत्य आहे. पण स्तुति ही स्वस्त नाणें आहे. ‘तुम्ही किती चिवट!’ असें म्हणतां म्हणतां ‘तुम्हांला आणखी कांहीं नको’ असें म्हणण्यापर्यंत मजल केव्हां जाते, हें बोलणाऱ्यालाहि कळत नाहीं. बिलगांवचा दिवा ज्यानें लावला त्याच्या कर्तबगारीची नोंद जो ठराव घेईल, त्यानें तो दिवा कशानें विझला याचीहि नोंद घेतली पाहिजे.

धरणाच्या खालच्या अंगास नदीच्या पात्रांतील बेटावर ३१ ऑक्टोबर २०१८ पासून सरदार पटेलांचा भव्य पुतळा उभा आहे. सरदारांच्या थोरवीविषयीं दुमत नाहीं. पुतळ्याची उंची १८२ मीटर. गुजरातच्या विधानसभेंतील आसनें १८२. हा मेळ मला अर्थपूर्ण वाटतो. विधिमंडळ स्मारकाचें माप घेऊं लागलें कीं, तें नकळत आपल्याच आसनांनीं घेतें. स्मरण ज्याचें करावयाचें त्याच्या मापानें तें घ्यावें, एवढें साधें तत्त्व सांभाळणें किती कठीण आहे याचें हें उदाहरण होय.

असो. मणिबेलीचें स्मरण आपल्या विधिमंडळानें करावयाचें ठरविलें, तर त्या ठरावाचा मसुदा कसा असावा? मला त्यांत विशेषणें नकोत. ज्या अर्थीं १९७९ च्या निवाड्यानें अमुक वचन दिलें. ज्या अर्थीं १९९३ च्या पावसाळ्यांत, तें वचन पुरतें पाळलें जाण्यापूर्वींच, आम्हीं या गांवावर पाणी चढविलें. ज्या अर्थीं अमुक अमुक नांवाचीं कुटुंबें यादींत घालावयाचीं आम्हीं राहूं दिलीं: एवढीं तीन कलमें पुरे. नांवें सगळीं लिहावींत; पॅराडाइजच्या न्यायालयांत जशीं वाचलीं तशीं सभागृहांत एकेक करून मोठ्यानें वाचावींत. सभासदांचा वेळ जाईल, पण स्मरणाला वेळ लागतोच. आणि ‘त्या अर्थीं’नंतर दिवस पाळण्याचें किंवा स्तंभ उभारण्याचें नांव न काढतां, कोणाला किती जमीन, कोणत्या गांवीं, कोणत्या तारखेपर्यंत, एवढेंच लिहावें.

असा ठराव वाचतांना कोणाच्या डोळ्यांस पाणी येणार नाहीं, आणि त्याला कोणी वाङ्मय म्हणणार नाहीं. मीं मात्र तो माझ्या वर्गांत उत्तम मराठी गद्याचा नमुना म्हणून शिकविला असता.